पहिली पुडी हाती पडण्याआधी

जूनच्या मध्यावर आपल्या शाळा उघडतील. उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत, अंबरनाथच्या पूर्व-पश्चिमेला, बदलापूरच्या जुन्या वाड्यांतून आणि नव्या सोसायट्यांतून हजारो मुलं दप्तर पाठीला लावून बाहेर पडतील. तुम्ही वह्या घेतल्या असतील. रेनकोट घेतला असेल. रिक्षावाल्या काकांशी महिन्याचं ठरवलं असेल. एक काम मात्र राहिलंय. मुलाच्या शाळेच्या फाटकापाशी उभे राहा आणि तिथून सव्वाशे पावलं चाला. दोन्ही बाजूंना बघत चाला. किती टपऱ्या लागल्या, मोजा. तंबाखूच्या पुड्यांच्या माळा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीला लटकतायत, तेही बघा. बिस्किटं, गोळ्या आणि पुड्या एकाच फळीवर आहेत का, बघा.

हे शाळा उघडण्याआधी करा. उघडल्यावर नको.

मूल अजून चौथीत आहे, पाचवीत आहे, एवढी घाई कशाला, असं वाटेल. घाई त्यासाठीच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१९ च्या युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींपैकी ८.५ टक्के तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होती. साधारण बारा मुलांमागे एक. त्याच पाहणीतला दुसरा आकडा वाचून झोप उडते. तंबाखू, मावा, गुटखा असं तोंडात धरायचं व्यसन असलेल्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ते पहिल्यांदा चाखलं, तेव्हा त्यांना दहा वर्षंही पुरी झाली नव्हती. बिडी ओढणाऱ्यांत असे ४७ टक्के होते, सिगारेट ओढणाऱ्यांत ३८ टक्के. कॉलेजात गेल्यावर लक्ष ठेवू, असं आपण म्हणत राहतो. तोवर काहींच्या व्यसनाला आठ वर्षं होऊन गेलेली असतात.

म्हणून आज रात्रीच बोला. जेवताना, टीव्ही बंद करून. "तू खातोस का?" असं विचारू नका, तो 'नाही' म्हणून उठून जाईल. "तुमच्या शाळेजवळ मुलं पुड्या खातात का रे?" असं विचारा. कुणाचं नाव विचारू नका, त्याला ती चुगली वाटते. फक्त ऐका. मुलं सांगतात. कोणती टपरी, कोणती वेळ, कोण उधारी देतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

आता आपल्या गावांची खरी अडचण बोलू. ही तिन्ही शहरं लोकलवर जगतात. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. उजाडायच्या आत डबा भरून घर सोडायचं, दरवाजात लटकून जायचं, रात्री आठ-नऊला दमून परतायचं. अनेक घरांत आई आणि वडील दोघंही हेच करतात. जे मुंबईला जात नाहीत, ते आनंदनगर एमआयडीसीत, मोरिवलीत, माणकिवलीत पाळीवर असतात. कुणी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात मशीनवर वाकलेले असतात. शाळा दुपारी सुटते. घर रात्री भरतं. मधले सहा-सात तास आपलं मूल कुणाच्या नजरेत असतं? टपरीवाल्याच्या. रिक्षा स्टँडवरच्या माणसांच्या. क्लासबाहेर थांबलेल्या थोरल्या मुलांच्या. यात आईबापांचा दोष नाही. पोट त्यांना तिकडे नेतं. पण ते सहा-सात तास रिकामे आहेत, हे आपल्याआधी पुडी विकणाऱ्यांना कळलेलं आहे.

ते तास भरून काढायला दुसरं कुणी येणार नाही. तुम्हीच आहात. सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारे आजोबा, तुम्ही आहात. दुपारी घरी असणाऱ्या मावशी, तुम्ही आहात. रिक्षावाले दादा, तुमच्या गाडीत रोज तीच सहा मुलं बसतात. त्यांच्यातला कोण हल्ली खिडकीतून वारंवार थुंकतो, कुणाच्या तोंडाला गोडसर उग्र वास येतो, हे वर्गशिक्षकांच्याही आधी तुम्हाला समजतं. क्लासवाले सर, तुमच्या जिन्याचे कोपरे लाल झाले असतील तर ते रंगवून घेऊन भागणार नाही. थुंकणारं पोर शोधा आणि त्याला जवळ घ्या. कारखान्यातल्या मास्तरांनो, कामाला आलेल्या पोरग्याला झोप येऊ नये म्हणून पहिला बार भरून देणारा हात फार वेळा मोठ्या कारागिराचाच असतो. तो हात तुम्ही धरा. तुमच्या छपराखाली तुमचा शब्द चालतो.

आपल्याकडे धुरापेक्षा पुडी मोठी वैरीण आहे, हेही लक्षात घ्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि तंबाखू तोंडात धरणारे होते २४.४ टक्के. धुराचा वास कपड्यांना लागतो, आई ओळखते. पुडी गालात मावते. वर्गात बसून, प्रार्थनेला उभं राहून, आईशी बोलतानाही ती तोंडात असू शकते. निकोटिन तिथून रक्तात उतरत राहतं. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. घडत असतानाच त्याला निकोटिनची सवय लागली की तो मागणी करू लागतो. मूल चिडचिडं होतं, अभ्यासात बसेनासं होतं, पैसे मागू लागतं, मग न विचारता घेऊ लागतं. तुम्ही म्हणता, पोरगं बिघडलं. पोरगं बिघडलेलं नाही. त्याला अडकवलंय.

टपरीवाले बंधूंनो, आता थोडं तुमच्याशी. तुमच्यावर राग काढायला हे लिहिलेलं नाही. तुमच्याही घरी लेकरं आहेत, दिवसभर उन्हापावसात उभं राहून तुम्ही त्यांची फी भरता. म्हणून सरळ सांगते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमानं अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायला मनाई आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे ९१ मीटरच्या आत, कुणालाच विकायची नाही. गिऱ्हाईक सज्ञान आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. दुकानावर तसा इशारा देणारा साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक लावावाच लागतो. सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला राज्य सरकारनं २४ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. तिचं कारणही मुलंच होती. अख्खं पाकीट त्यांना परवडत नाही, एक परवडते. आणि गुटखा तर २० जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात विकताच येत नाही. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्या बंदीत आली.

या सगळ्याहून कडक आहे २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याच्या ७७ व्या कलमाखाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एका पुडीच्या नफ्यासाठी ही जोखीम घेऊ नका. गणवेशातलं मूल समोर आलं की हात आखडा. "पप्पांसाठी नेतोय" म्हणालं तरी आखडा. कायद्यात पप्पांसाठीची सवलत नाही. त्याला गोळी द्या, बिस्किटाचा पुडा द्या, आणि म्हणा, "बाळा, पप्पांना सांग, स्वतः या." या एका वाक्यानं तुम्ही जेवढी मुलं वाचवाल तेवढी कुठलंही सरकारी पथक वाचवू शकणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण मुलाला टपरीवर धाडतं कोण? आपणच. "जा रे, एक पुडी आण, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे." हे वाक्य किती घरांत रोज बोललं जातं! सात-आठ वर्षांच्या मुलाला टपरीची वाट आपण दाखवतो, पुडीचं नाव आपण पाठ करून घेतो, तिची किंमत आपण शिकवतो. वर बक्षीसही देतो. हे आजपासून थांबवा. तुम्हाला सुटत नसेल तर निदान स्वतः उठून जा. मुलाच्या हातानं मागवू नका.

मशेरीचंही बोलायला हवं. गावाकडून आलेल्या आपल्या कितीतरी आज्या, आया, मावश्या सकाळी तव्यावर तंबाखू भाजतात आणि दातांना लावतात. दात दुखतात, पोट साफ होतं, डोकं धरतं, अशी कारणं असतात. ती खोटी नाहीत, कारण मशेरी न लावल्यानं डोकं धरतं ते तलफेनंच. पण नात शेजारी बसून बघत असते. कधी आजीच तिच्या बोटावर चिमूटभर देते, दाढ दुखतेय म्हणून. आजी, तुमच्या मायेबद्दल कुणाला शंका नाही. दाढ दुखली तर मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायला लावा आणि दातांच्या डॉक्टरांकडे न्या. मशेरीच्या डबीला मुलांचा हात लागू देऊ नका. जमलं तर एक वेळेची कमी करा. नंतर दुसरी. तुम्ही सोडताय हे नातीला दिसू द्या.

आबांची आठवण तुम्हाला असेल. आर. आर. पाटील. तासगावच्या साध्या घरातून आलेला, राज्याचा गृहमंत्री झालेला माणूस. पोलीस खातं हाताखाली होतं, मुंबईतले उत्तम डॉक्टर उशाशी होते, लाखो माणसांची माया पाठीशी होती. तंबाखूची सवय होती. तोंडाच्या कर्करोगानं १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले. वय अवघं ५७. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या किती घरांत तंबाखूची डबी उकिरड्यावर गेली असेल! आणि नंतर त्यातल्या किती हळूच परत आल्या असतील, तेही आपल्याला ठाऊक आहे.

सत्ता नसलेल्या घरांचं काय होतं, ते परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर बघा. ज्याच्या जिवावर घर चालतं तो जबड्याला पट्टी बांधून बसलेला असतो. बायकोच्या हातात फाईल असते. पोरगी शाळा बुडवून सोबत आलेली असते, कारण इंग्रजी अर्ज तिलाच वाचता येतो. शस्त्रक्रिया झाली तरी बोलणं जातं, गिळणं जातं, कामावरची जागा जाते. आधी पगार थांबतो, मग सोनं जातं, मग मुलांची शाळा. भारतात दर वर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं तंबाखूमुळे मरतात. हा आकडा डोक्यात मावत नाही. तुमच्या इमारतीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. तेवढं पुरे.

आता मुलाला हाक मारा आणि त्याला तोंड उघडायला सांगा. खरंच, हे वाचणं थांबवून करून बघा. त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी धरून दातांच्या मध्ये जातात का? जात नसतील, पाणीपुरी किंवा मिसळ खाताना तोंडाची आग होते अशी त्याची तक्रार असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि कडक लागत असेल, तर वाट बघू नका. सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ कातडं घट्ट होत जातं आणि तोंड उघडेनासं होतं. एकदा गेलेला मऊपणा पुरता परत येत नाही, आणि पुढे त्याचाच कर्करोग होऊ शकतो. पण लवकर थांबलं तर मूल वाचतं. दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हलणारा दात, काहीही दिसलं तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे दाखवा. मुलाला मारून नव्हे, हात धरून न्या.

"आमचा तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो," असं समाधान मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. लग्नातल्या, बारशातल्या ताटलीतून ती मुलांसमोर फिरवू नका. बडीशेप ठेवा, ओवा ठेवा, आवळा ठेवा.

चांगल्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे सगळं दुसऱ्या वस्तीचं म्हणून सोडून देऊ नये. तिथे दुसरी वस्तू पोचली आहे. पेनसारखी, पेन ड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्याच्या, पुदिन्याच्या वासाची. मुलं तिला वेप म्हणतात. दप्तरात ती दिसली तर तुम्हाला चार्जर वाटेल. "त्यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे," असं मुलगा सांगेल, आणि तसंच त्याला सांगितलेलं असेल. त्या वाफेत निकोटिन असतं. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून ई-सिगारेट बंद केली आणि त्याच वर्षी कायदा केला. विकणं, आणणं, जाहिरात करणं, साठवणं, सगळं गुन्हा. विकणाऱ्याला पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हुक्का पार्लरवर महाराष्ट्रानं २०१८ मध्ये बंदी घातली. तेव्हा कुणी वाढदिवसाच्या पार्टीला "हर्बल आहे, काही होत नाही" म्हणालं, तर मुलाला तिथून घरी आणा. वेप असो वा हुक्का, ते कुठून आलं, याची चौकशी करा. कुरिअरनं आलं असेल तर पाकीट जपून ठेवा, पोलिसांना दाखवता येईल.

कायदे आहेत. एवढे असूनही मुलाच्या हाती पुडी पडते, मग चुकतं कुठे? गुटख्याचंच बघा. महाराष्ट्रानं २००२ मध्ये पहिल्यांदा बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००४ मध्ये ती बंदी उठली. २०१२ मध्ये अन्न सुरक्षा कायद्याच्या आधारानं ती पुन्हा आली आणि तेव्हापासून वर्षा-वर्षानं वाढवली जाते. बंदी आली तशी वाटही निघाली. परराज्यातून चोरटा माल येऊ लागला. दुसरीकडे पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी, दोन्ही वेगळ्या विकायच्या आणि गिऱ्हाइकानं तोंडात एक करायच्या, हा धंदा फोफावला. त्यात अल्पवयीनाला तंबाखू विकल्याचा २००३ च्या कायद्यातला दंड दोनशे रुपयांपर्यंतच. दोनशे रुपयांनी कुणाचा धंदा बंद पडत नाही. हा दंड वाढायला हवा, आणि तोवर पोलिसांनी बाल न्याय कायद्याचं कलम लावायला हवं. हे तुम्ही मागितल्याशिवाय होणार नाही.

मागा. आपल्या शहरांना मागता येतं. ज्या कॅम्पांत फाळणीनंतर सिंधमधून सारं सोडून आलेल्या माणसांनी घरं आणि शाळा उभ्या केल्या, ती ही भूमी आहे. २० ऑगस्ट २०२४ ला शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींसाठी बदलापूरकर स्थानकात रुळांवर उतरले, ती ही माणसं आहेत. मुलांवर संकट आलं की इथली माणसं घरी बसत नाहीत, हे देशानं पाहिलंय. हे संकट आरडाओरडा करत येत नाही, म्हणून त्यासाठी गर्दी जमत नाही. या वेळी रुळांवर उतरायची गरज नाही. एक अर्ज पुरे आहे.

तो अर्ज असा करा. पाच पालक जमा. शाळेपासून टपरीचं अंतर दोरीनं किंवा पावलांनी मोजा. टपरीचा फोटो काढा, मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. मुख्याध्यापकांची सही घ्या. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, जी तुमची असेल तिथे द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. दुसरी प्रत पोलीस ठाण्यात द्या. ही तिन्ही शहरं ठाणे आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळातच येतात, तेव्हा तिथल्या उपायुक्तांनाही एक प्रत पाठवा. गुटख्याचा साठा दिसला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. मुलांना विकताना दिसलं तर ११२. एखादं मूल कुणाच्या तावडीत आहे असं वाटलं तर १०९८. टपरीवाल्याशी हुज्जत घालू नका, हात उगारू नका. त्याला आधी समजावून सांगा, आठ दिवस द्या, मग अर्ज द्या.

नगरसेवक दारी आले की त्यांच्याकडे एकच मागणी करा. तंबाखू विकायला पालिकेचा वेगळा परवाना हवा, आणि त्या दुकानात बिस्किटं, चॉकलेटं, वेफर्स विकायचे नाहीत. ही कल्पना माझी नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर २०१७ मध्येच राज्यांना ती कळवली आहे. गोळीसाठी गेलेल्या मुलाला पुडी दिसूच नये, इतका साधा विचार त्यामागे आहे. सभागृहात ठराव होईपर्यंत पाठपुरावा करा. गणेशोत्सव आणि दहीहंडीच्या मंडळांनो, पान मसाल्याचं नाव लिहिलेली कमान या वर्षी नाकारा. वर्गणी कमी पडली तर आम्हाला सांगा, आम्ही दारोदार हिंडू. बाप्पाकडे जाणारी लेकरं त्या कमानीखालून जातात.

मुख्याध्यापकहो, तंबाखूमुक्त शाळेच्या केंद्रीय सूचना तुमच्या कपाटात असतील. त्या बाहेर काढा. शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळी रेघ मारायला त्यात सांगितलं आहे. पहिल्या आठवड्यात मुलांच्याच हातानं ती मारून घ्या, पालकांना बोलवा, टपरीवाल्यांनाही बोलवा. पण सर, बाई, एक विनंती. स्टाफरूममधली पुडी आधी बंद करा. आणि एखाद्या मुलाकडे तंबाखू सापडली तर त्याला शाळेतून काढू नका. शाळेबाहेर तर टपरीच उभी आहे.

असं मूल तुमच्याच घरात सापडलं तर? मारू नका. पट्टा काढू नका. चार माणसांत नाव घेऊ नका. मार खाल्लेलं मूल तंबाखू सोडत नाही, लपवायला शिकतं. त्याला सांगा, "तू एकटा नाहीस, आपण मिळून सोडू." पहिले काही दिवस अवघड जातात. डोकं दुखेल, झोप लागणार नाही, ते अंगावर येईल, रडेल. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ त्याच्यासोबत राहा. पाणी द्या, शेंगदाणे द्या, खाली खेळायला न्या. पहिला आठवडा शक्य असेल तर घरातल्या कुणीतरी रजा काढा. मूल तापानं फणफणलं असतं तर काढली असती, तशीच. मध्येच एखादा दिवस घसरला तरी "बघ, तुझ्याच्यानं होणार नाही" असं म्हणू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करा.

आणि बाबांनो, ज्यांच्या स्वतःच्या खिशात डबी आहे, ती त्याच दिवशी तुम्हीही सोडा. मुलाबरोबर. त्याच्यासमोर. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोनला पैसे पडत नाहीत. पलीकडे समुपदेशक असतात. सोडायची तारीख ठरवायला ते मदत करतात आणि पुढच्या दिवसांत परत फोन करून विचारपूस करतात. क्रमांक लिहून घ्यायलाही नको, तुमच्या पुडीवर इशाऱ्याच्या चित्राखाली तो छापलेला आहे. आज घरी पोचायला उशीर झाला असेल, तर उद्या लोकलची वाट बघताना फलाटावर उभे असाल, तेव्हा लावा. शाळा उघडायला फार दिवस राहिलेले नाहीत.